साचलेली वीज आणि वाहती वीज

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत विजेचा पाठ शिकवून झाल्यावर "वीज किती प्रकारची?" असा प्रश्न विद्यार्थ्यांस विचारला, तर "दोन प्रकारची, स्थिर आणि प्रवाही" असे उत्तर बहुधा तत्काळ मिळते. हे उत्तर चुकीचे म्हणता येत नाही. परंतु ते अपुरे आहे. कंगव्यातील वीज ही एक वस्तू व तारेतील वीज ही दुसरीच वस्तू, पहिली खेळण्याची व दुसरी भिण्याची, अशी समजूत त्यातून मुलांच्या मनात घर करते. वस्तुतः वीज एकच आहे. ती एके ठिकाणी साचून राहिली म्हणजे तिला आपण स्थिर विद्युत म्हणतो, आणि तिला अखंड वाट मिळून ती वाहत राहिली म्हणजे विद्युतप्रवाह म्हणतो. ती केव्हा निरुपद्रवी असते व केव्हा प्राण घेते, हे तिच्या नावावर अवलंबून नसून ती किती, कोणत्या दाबाने, किती वेळ आणि कोणत्या वाटेने वाहते यावर अवलंबून असते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातील शाळांत हा भेद विशेष काळजीने शिकविणे अगत्याचे आहे. येथील मुलांच्या नित्याच्या वाटेवर रेल्वेची पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. कित्येकांचे पालक रासायनिक कारखान्यांत काम करतात. आणि मोठ्या पावसात उल्हास नदीचे पाणी वस्त्यांत शिरते. या तिन्ही ठिकाणी विजेविषयीची अर्धवट समजूत महागात पडते. म्हणून हा विषय मुळापासून कसा मांडावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

प्रभार म्हणजे काय?

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आहे. अणूच्या मध्यभागी धन प्रभार असतो व त्याच्याभोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही प्रभार समान असल्यामुळे वस्तू एरवी उदासीन असते. म्हणजेच तिच्यात वीज नसते असे नव्हे, तर जमाखर्चाची बाकी शून्य असते. काही कारणाने एका वस्तूवरील थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर गेले, तर देणारी वस्तू धनप्रभारित व घेणारी ऋणप्रभारित होते. वीज घर्षणाने "उत्पन्न" होते असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. खरे पाहता घर्षणाने काहीही नवीन निर्माण होत नाही. जे होते त्याची फक्त फाळणी होते. हा मुद्दा विद्यार्थ्यांस प्रारंभीच समजला, तर पुढील सर्व विवेचन सोपे जाते.

साचलेला प्रभार

कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरविला असता केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात. प्लॅस्टिक हे विजेचे दुर्वाहक असल्यामुळे हे इलेक्ट्रॉन जेथे आले तेथेच अडकून राहतात. असा कंगवा कागदाच्या बारीक कपट्यांजवळ नेला की कपट्यांतील प्रभार किंचित सरकतात, कंगव्याकडील बाजू धन होते आणि कपटे उडून कंगव्यास चिकटतात. प्राचीन ग्रीक लोकांस हाच गुण राळेपासून बनलेल्या एका पिवळ्या खड्यात आढळला होता. त्या खड्याच्या ग्रीक नावावरूनच "इलेक्ट्रॉन" हा शब्द आला. आपल्याकडे त्यास तृणमणी म्हणतात. गवताची काडी ओढून घेणारा मणी हा अर्थ त्या नावातच आहे.

हिवाळ्यात कृत्रिम धाग्याचा सदरा अंगातून काढताना होणारा चटचट आवाज मुलांच्या परिचयाचा असतो. तो आवाज म्हणजे साचलेला प्रभार हवेतून क्षणभर उडी घेत असल्याची खूण होय. अशा वेळी माणसाच्या अंगावरील विद्युतदाब काही हजार व्होल्टपर्यंत, प्रसंगी दहा हजार व्होल्टपर्यंतही, चढलेला असतो. हा आकडा ऐकून मुले चकित होतात व लगेच विचारतात की, घरातील २३० व्होल्टने माणूस मरतो, मग दहा हजार व्होल्टने आपण कसे वाचतो? या प्रश्नाचे उत्तर देणे हेच या पाठाचे खरे प्रयोजन आहे.

वाहता प्रभार

तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड इत्यादी धातूंत काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. धातूच्या तारेची दोन टोके सेलच्या दोन टोकांस जोडली असता सेल हे इलेक्ट्रॉन एका बाजूने ढकलते व दुसऱ्या बाजूने परत घेते. जोपर्यंत वाट अखंड आहे व सेलमध्ये जोर आहे, तोपर्यंत हे अभिसरण चालू राहते. यासच विद्युतप्रवाह, किंवा सध्याच्या पाठ्यपुस्तकांतील शब्दाने विद्युतधारा, म्हणतात. प्रभार कुलोममध्ये मोजतात व प्रवाह अँपियरमध्ये. दर सेकंदास एक कुलोम प्रभार वाहत असेल तर तो प्रवाह एक अँपियरचा होय.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निरसन करावे. बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत अतिशय वेगाने धावत जातात असे मुलांस वाटते. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून पाव अँपियरचा एकदिश प्रवाह चालू असेल, तर इलेक्ट्रॉन तासाला सुमारे साडेसहा सेंटिमीटर इतकेच पुढे सरकतात. दिवा तत्काळ लागतो, याचे कारण तार आरंभापासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते आणि ढकलण्याचा परिणाम तारेतून प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पसरतो. भरलेल्या नळाची तोटी उघडताच पाणी येते. ते त्याच क्षणी जलकुंभातून निघालेले नसते, तद्वतच हे आहे.

उल्हास नदीचा दृष्टान्त

साचलेली व वाहती वीज यांतील संबंध समजावण्यासाठी आपल्या परिसरातच उत्तम दृष्टान्त आहे. कर्जतजवळ भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरील ठोकळवाडी धरणाचे पाणी मोठ्या नळांतून खाली आणून तेथे वीज निर्माण केली जाते, आणि काम करून सुटलेले हे पाणी उल्हास नदीत येते. पुढे बदलापूरच्या बंधाऱ्यापाशी व त्याखाली याच नदीतून आपल्या शहरांसाठी पाणी उचलले जाते. घाटमाथ्यावरील जलाशयात पाणी उंचावर आहे, म्हणजे त्यास दाब आहे. परंतु ते स्थिर असेपर्यंत एकही चक्र फिरत नाही. वाट मिळाली की तेच पाणी प्रवाह होते व काम करते. पाणी दोन प्रकारचे नसते. अवस्था दोन असतात.

आता जलाशयाऐवजी घाटमाथ्यावर पाण्याचा एक थेंब आहे अशी कल्पना करावी. त्याची उंची तेवढीच. परंतु तो खाली पडला तरी कोणाचे काही बिघडत नाही. कंगवा म्हणजे उंचावरील थेंब होय: दाब मोठा, साठा नगण्य. घरातील वीजवाहिनी म्हणजे त्या मानाने कमी उंचीवरून येणारी, पण न आटणारी नदी होय.

दृष्टान्त कोठे थांबवावा हेही शिक्षकाने जाणले पाहिजे. नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते. तार तुटली तर वीज जमिनीवर सांडत नाही, प्रवाह थांबतो. मात्र तुटलेल्या तारेचे टोक दाबयुक्त असू शकते, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने त्यास स्पर्श केला की त्याच्या शरीरातून वाट पूर्ण होते. म्हणून रस्त्यावर पडलेली तार "मेलेली" आहे असे कदापि गृहीत धरू नये.

आकड्यांत तुलना

हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावताना जी ठिणगी बसते, तिच्यातील एकूण प्रभार सुमारे एका कुलोमचा दहा लाखावा भाग असतो. वर्गातील छताचा पंखा साधारण पाव अँपियर प्रवाह घेतो. म्हणजे त्या ठिणगीतील सर्व प्रभार पंख्यास दिला, तर तो एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम चार भाग इतका वेळ पुरेल. दाब हजारो व्होल्टचा असूनही माणूस वाचतो तो याच कारणाने: पहिल्याच क्षणी साठा संपतो.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, परंतु तिचा साठा संपत नाही. शरीरातून जाणारा सुमारे एक मिलिअँपियर, म्हणजे अँपियरचा हजारावा भाग, इतका प्रवाह केवळ जाणवतो. दहा ते वीस मिलिअँपियरने स्नायू आखडून हाताची पकड सोडविता येत नाही. त्याहून अधिक प्रवाहाने श्वास अडखळतो, आणि शंभर मिलिअँपियरच्या सुमारास हृदयाचे स्पंदन विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. कोरड्या त्वचेचा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. तेव्हा २३० व्होल्टने केवळ दोन-तीन मिलिअँपियर वाहतील. तीच त्वचा ओली झाली की विरोध एक हजार ओहमपर्यंत उतरतो आणि प्रवाह २३० मिलिअँपियरपर्यंत जातो. ओल्या हाताने बटणास स्पर्श करू नये, या घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या नियमाचे गणित हे असे आहे. घराच्या वीजफलकावर बसविण्याचे जे गळतीरोधक यंत्र, म्हणजे आरसीसीबी, असते ते सामान्यतः तीस मिलिअँपियर गळतीस वीज तोडते. तो आकडाही याच गणितातून आला आहे.

वीज एकच, हे कसे कळले?

१८०० सालापर्यंत शास्त्रज्ञांजवळ फक्त घर्षणाची वीज होती. ती क्षणात संपे. त्या वर्षी इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी जस्त व चांदी किंवा तांबे यांच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजविलेले तुकडे घालून, एकावर एक रचल्या आणि सतत वाहणारा प्रवाह प्रथमच हाती आला. ही वीज घर्षणाच्या विजेहून वेगळी आहे काय, असा वाद त्यानंतर पुष्कळ वर्षे चालला. इंग्लंडमधील मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत घर्षणाची वीज, घटाची वीज व चुंबकाच्या साहाय्याने मिळविलेली वीज यांचे परिणाम एकमेकांशी ताडून पाहिले. घर्षणाच्या विजेनेही चुंबकसूची हलते व रासायनिक पृथक्करण होते, असे दाखवून त्यांनी निष्कर्ष काढला की वीज एकच आहे. भेद आहे तो तिच्या मात्रेचा व दाबाचा. आपल्या पाठाचे सार तेच आहे.

आकाशातील वीज

ढगातील बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आदळून प्रभार विभागले जातात. कंगवा आणि केस यांच्यात घडते तेच येथे आकाशाएवढ्या प्रमाणावर घडते. दाब कोट्यवधी व्होल्टपर्यंत चढला म्हणजे हवा फुटून वाट तयार होते व साचलेला प्रभार एका क्षणात प्रवाह बनतो. एरवीच्या एका विजेत सुमारे पंधरा कुलोम प्रभार असतो. तेवढा प्रभार वर्गातील पंख्यातून एका मिनिटात सुरळीत वाहून जातो! परंतु आकाशातून तो प्रचंड दाबाने व सेकंदाच्या अल्पांशात येतो, म्हणून झाड चिरते व माणूस दगावतो. ढगांचा गडगडाट ऐकू येताच मुलांस मैदानातून पक्क्या इमारतीत आणावे. झाडाखाली उभे राहू देऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे "दामिनी" हे मोबाइल ॲप उपलब्ध केले आहे. ते प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये असावे.

आपल्या परिसरातील तीन स्थळे

पहिले स्थळ रेल्वेमार्ग. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व कुर्ला यांच्या दरम्यान देशातील पहिली विजेची गाडी धावली. तिची तार १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची होती, आणि पुढे हीच पद्धत बदलापूर-कर्जतवरून घाट ओलांडून पुण्यापर्यंत गेली. आता तेथे २५,००० व्होल्टचा, सेकंदास पन्नास आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. मुंबई उपनगरी मार्गांवरील हे रूपांतर २०१६ साली पूर्ण झाले. इतक्या दाबाच्या तारेस हात लागण्याचीही आवश्यकता नसते. फार जवळ गेलेल्या शरीराकडे वीज हवेतून उडी घेऊ शकते. म्हणून या तारेपासून निदान दोन मीटर दूर राहावे, असा रेल्वेचा दंडक आहे. पुलावरून तारेकडे काठी वा छत्री नेणे, उभ्या डब्याच्या टपावर चढणे, तारेत अडकलेला पतंग ओल्या दोऱ्याने वा लोखंडी सळईने ओढणे हे सर्व प्राणघातक आहे. संक्रांतीपूर्वीच्या आठवड्यात हा भाग वर्गात अवश्य घ्यावा.

दुसरे स्थळ कारखाने. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत ज्वालाग्राही द्रावके हाताळली जातात. असे द्रव नळीतून वेगाने ओतताना घर्षणामुळे प्रभार साचतो. टोल्यूइनसारख्या द्रावकाची वाफ पेटण्यास सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते, आणि माणसाच्या अंगावरील ठिणगीत पाच मिलिज्यूलपर्यंत ऊर्जा असू शकते. म्हणूनच पिंपे व टँकर तारेने जमिनीस जोडल्याखेरीज द्रव ओतत नाहीत. यावरून विद्यार्थ्यांस कळेल की स्थिर विद्युत "नेहमीच निरुपद्रवी" नसते. जी ठिणगी शरीरास केवळ टोचते, तीच वाफेस आग लावते.

तिसरे स्थळ पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजीचा पूर या खोऱ्यातील ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली व सुमारे एक हजार प्रवाशांस सोडवावे लागले. पुराच्या पाण्यात माती व क्षार मिसळलेले असल्यामुळे त्यातून वीज वाहते. पाणी घरात शिरण्यापूर्वीच मुख्य बटण बंद करावे. पाणी शिरल्यावर त्यात उभे राहून ते बंद करण्यास जाऊ नये. ओसरल्यानंतरही जाणकाराकडून तपासणी झाल्याशिवाय वीज चालू करू नये.

वर्गात करावयाचे प्रयोग

कंगवा व कपटे यांचा प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत करावा. आपल्याकडे पावसाळ्यात तो बहुधा फसतो, कारण दमट हवेमुळे वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो व प्रभार त्यावरून निसटतो. तो जुलैमध्ये एकदा मुद्दाम करून दाखवावा व फसण्याचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे.

सरबताच्या दोन प्लॅस्टिक नळ्या एकाच लोकरी कापडाने घासून एक दोऱ्याने टांगावी व दुसरी तिच्याजवळ न्यावी. त्या एकमेकींस दूर लोटतात. समान प्रभारांतील प्रतिकर्षण यावरून दिसते.

दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडून त्यांवर चालणारा विजेरीचा छोटा बल्ब घ्यावा. तारेत एके ठिकाणी खंड ठेवून तेथे नाणे, खोडरबर, पेन्सिलीचे शिसे व लाकूड क्रमाने ठेवावे आणि सुवाहक-दुर्वाहक अशी वर्गवारी मुलांनी वहीत करावी. मग खंडाची दोन टोके मिठाच्या पाण्यात जवळजवळ बुडवावी. बल्ब बहुधा लागत नाही. त्याच्या जागी लाल एलईडी योग्य बाजूने जोडला की तो मंद प्रकाशतो. दिवा लागला नाही म्हणजे वीज वाहत नाही असे नव्हे, हा फार मोलाचा धडा त्यातून मिळतो.

प्रयोगांस केवळ साधे सेल वापरावे. भिंतीतील विजेचा, तसेच मोबाइलच्या बॅटरीचा उपयोग मुळीच करू नये. सेलची दोन टोके नुसत्या तारेने थेट जोडू नयेत. तार तापून चटका बसतो.

पाठाच्या शेवटी विचारावयाचे प्रश्न

१. तारेवर बसलेल्या पक्ष्यास झटका का बसत नाही? (दोन्ही पाय एकाच तारेवर असल्याने त्याच्या शरीरातून प्रवाहास वाट मिळत नाही.)

२. कंगव्याने पंखा का फिरत नाही? (दाब आहे, पण साठा नगण्य आहे व तो भरून काढणारे साधन नाही.)

३. ढगातील वीज स्थिर की प्रवाही? (पडेपर्यंत स्थिर, पडताना प्रवाही.)

४. एखाद्यास विजेचा झटका बसत असेल तर प्रथम काय करावे? (त्यास हात न लावता मुख्य बटण बंद करावे, ते शक्य नसल्यास स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करावी, मोठ्यांस हाक मारून १०८ क्रमांकावर कळवावे. हा उपाय घरगुती विजेपुरताच आहे. रेल्वेच्या किंवा उच्च दाबाच्या तारेजवळ मात्र लाकूड घेऊनही जाऊ नये.)

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गात विद्यार्थी कारणासह देऊ लागतील, तेथे "दोन प्रकारची वीज" हे पाठांतर संपून समज सुरू झाली, असे शिक्षकाने मानावे. चौथ्याचे उत्तर मात्र प्रत्येक मुलास तोंडपाठ असलेच पाहिजे.